सुमो, सुमिस, सुमित

सरांना बिनक्रियापदाचं वाक्य चालत नसे. बडनेरा स्टेशनसमोर ऑटोवाला "अमरावती, अमरावती" करत आला की सर त्याच्यासमोर उभे राहून विचारत, "अमरावती काय? जाऊन राहिला, येऊन राहिला, का इकून राहिला?" तिथले ऑटोवाले त्यांना ओळखून होते. "अमरावतीले जाऊन राहिलो सर, बसा," असं पूर्ण वाक्य म्हणून ते त्यांना आत घेत. चहाच्या टपरीवर कोणी अनोळखी माणूस "दोन चहा" म्हणाला, तर सर मागून हळूच "द्या" म्हणत. त्या बिचाऱ्याला कळतही नसे की आपलं वाक्य कोणीतरी पुरं करून दिलं.

एकदा तर कहरच झाला. काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, भावाचा फोन आला. "दाजी, बाबा..." एवढंच म्हणून तो रडायला लागला. सर म्हणाले, "बाबा काय? क्रियापद सांग ना." तिकडे काकूंचे वडील गेले होते. काकू त्यानंतर कित्येक दिवस सरांशी बोलल्या नाहीत, आणि बोलायला लागल्या तेव्हाही मुद्दाम "पोळी", "पाणी", "दार" एवढंच बोलत. ही गोष्ट सर स्वतः भर वर्गात सांगत आणि शेवटी विचारत, "चूक कोणाची? अर्धं वाक्य फेकून देणाऱ्याची." आम्हाला ऐकताना लाज वाटे. त्यांना नाही. लाज नावाची गोष्ट त्या माणसाजवळ मुळात नव्हती, आणि मला तर ती जन्मापासून दोघांना पुरेल एवढी मिळालेली.

बघा, हे सगळं मी शुद्ध मराठीत लिहिते आहे. सरांबद्दल लिहायचं आणि असं लिहायचं, याचीसुद्धा लाज वाटते. पण आता हात असाच वळतो, त्याला काय करणार. का वळतो, ते येईलच पुढे.

सर आम्हाला डी.फार्म.ला शिकवत. अमरावतीहून बडनेऱ्याला जाताना आमचं कॉलेज लागायचं. डॉक्टर चिठ्ठीवर जे खरडतात त्यातलं बरंच लॅटिन असतं, हे बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. वरच्या कोपऱ्यात जो 'आरएक्स' असतो तो 'रेकिपे' या शब्दाचा तुकडा. रेकिपे म्हणजे 'घे'. अभ्यासक्रमात असल्या शब्दांचा एक तक्ता आहे, तो पाठ करायचा आणि पेपरात उतरवायचा, बास. इतर कॉलेजांत हा धडा एका दुपारीत उरकतो. सर त्यावर पावसाळा घालवत.

"रेकिपे हा हुकूम हाय," ते म्हणत. "कोणाले? पेशंटले नाही. आपल्याले. डॉक्टर औषधवाल्याले म्हणते, घे बाबू, हे घे, हे घे, आन मिसळ. तुमाले कोणी रोज हुकूम देऊन राहिलं आन तुमाले त्याचं क्रियापद येत नाही. लाज वाटाले पाहिजे." मग फळ्याकडे वळून ते एका धातूची सगळी रूपं लिहून काढत. दिवसातून तीनदा घ्यायच्या औषधापुढे डॉक्टर टीडीएस लिहितात, त्यातला एस म्हणजे 'सुमेंडुम', म्हणजे 'घ्यायचं'. त्या एका अक्षरात एक आख्खं क्रियापद गाडलेलं आहे आणि ते उकरून काढणं आपलं काम आहे, असं त्यांचं म्हणणं.

लॅटिन सगळीकडे 'प्रेम करणे' या धातूपासून शिकवतात म्हणे. सरांनी ते टाळलं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोट्ट्यांसमोर प्रेम चालवायचं म्हणजे तास गेला. म्हणून त्यांनी 'घेणे' हा सोवळा धातू निवडला. सुमो, मी घेतो. सुमिस, तू घेतोस. सुमित, तो घेतो. झालं. आमच्या वर्गात तेल लावून भांग पाडणारा, सुपारीसुद्धा न खाणारा एक सुमित होता. "सुमित मंजे काय?" सरांनी विचारलं आणि मागच्या बाकावरून उत्तर आलं, "घेतो सर. शनिवारी." आपल्याकडे नुसतं 'घेतो' म्हटलं की काय घेतो ते सांगावं लागत नाही. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम बघायला आल्या. सरांना विनोद कळलाच नाही. ते म्हणाले, "बरोबर हाय. फक्त शनिवार त्या रूपात नाही." पुढे तो मुलगा कॉलेज सुटेपर्यंत 'घेतो' याच नावाने ओळखला गेला.

सरांना हे लॅटिन आलं कुठून, तर परतवाड्याकडे एका मिशनच्या दवाखान्यात त्यांचे वडील कंपाउंडर होते. तिथे केरळचे एक फादर होते. "फादरचं मराठी कच्चं, माह्यं इंग्रजी कच्चं," सर सांगत, "मंग मधात लॅटिन. तिथं दोघंयबी सारखे." फादर मराठी शिकले ते दवाखान्यात येणाऱ्या लोकांकडून, म्हणजे वऱ्हाडी. त्यामुळे सरांना लॅटिनचं प्रत्येक रूप वऱ्हाडीतच समजावलेलं होतं आणि ते आम्हालाही तसंच मिळालं. सुमेबाम म्हणजे 'मी घेऊन राहिलो होतो'. पुस्तकातलं 'मी घेत होतो' त्यांना बेचव वाटे. लॅटिनमध्ये, आत्ता नाही तर पुढे पाळायच्या हुकमासाठी वेगळं रूप आहे, सुमितो. फळ्यावर ते लिहून सर आमच्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, खोटं नाही सांगत. "घेजो," ते म्हणाले. "आता घे, आन जेवल्यावर घेजो. रोमात होतं, आन आपल्या अंजनगावात हाय. मधात कोणाजवळ हाय काय?"

मी तेल्हाऱ्याची. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. घरात कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिली. आल्या आल्या मला दोन गोष्टी कळल्या. एक, अमरावतीच्या मुली तेल्हाऱ्याच्या बोलण्याला हसतात. दोन, अमरावतीच्या बोलण्याला पुण्याचे लोक हसतात. म्हणजे मी तळाला.

पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते, पुण्याकडचे. गोरे, नीटनेटके, पेनाचं टोपण बोटांवर फिरवत बसलेले. त्यांनी काहीतरी सोपं विचारलं. मला येत होतं. तोंडून निघालं, "मले मालूम आहे सर, पण आठवून नाही राहिलं." ते थांबले. शेजारच्या मॅडमकडे बघून म्हणाले, "आठवून नाही राहिलं? मग कुठे राहिलं? तेल्हाऱ्याला?" मॅडम हसल्या. दाराशी रांगेत उभी असलेली मुलं हसली. त्यानंतर त्यांनी विचारलेलं मला एकही ऐकू आलं नाही. मी त्या विषयात नापास झाले, परत परीक्षा द्यावी लागली, आणि ती लेखी कामावर कशीबशी निघाली.

त्या दिवसापासून मी तोंड बंद केलं. हजेरीला हात वर करायचा. दुकानात बोट दाखवायचं. मैत्रिणी मला मुकी म्हणायला लागल्या, तेही मी हसून घेतलं. घरी फोन केला की बाबा म्हणत, "नाही जमून राहिलं तं ये परत. पाहुणे विचारून राहिले." पाहुणे म्हणजे मुलगी बघायला येणारे. मला परत जायचं नव्हतं. मला माझं दुकान पाहिजे होतं, माझ्या नावाचं लायसन्स भिंतीवर लावलेलं. आणि दुसऱ्या वर्षाला पुन्हा तोंडी परीक्षा होती, पुन्हा तेच परीक्षक येणार होते. तिथे तोंड उघडलं नाही तर तेल्हारा, एवढं सरळ होतं ते.

सरांनी एकदा मला तासाला उभं केलं. 'घेणे'चा भविष्यकाळ विचारला. मी गप्प. दुसरं काही विचारलं. गप्प. मग ते जवळ आले. "येते तुले," ते म्हणाले. "डोळे सांगून राहिले. तोंडात काय अडकलं?" खरं तर ते 'डोये' म्हणाले. मी लिहिताना दुरुस्त केलं. ही सवय जात नाही.

संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. काकू रेल्वेत होत्या, म्हणून त्यांना बडनेऱ्याला रेल्वेचं क्वार्टर मिळालेलं. मागच्या ओसरीत बसलं की पलीकडे मालगाड्या. काकूंनी उकडलेल्या शेंगा ठेवल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं, त्या परीक्षकाचं, हसण्याचं. मला वाटलं सर चिडतील, निदान त्याला एक शिवी देतील. त्यांनी शेंग सोलली आणि म्हणाले, "मंग मराठीत बोलूच नको. लॅटिनात बोल. ज्यायची भाषा हाय ते सारे मेले. हसाले कोणी उरलं नाही."

आजवर मला कोणी इतकी कामाची गोष्ट सांगितलेली नाही.

मी सुरू केलं. सुमो. आवाज फाटका निघाला. सुमिस. मालगाडी आली की आम्ही थांबायचो आणि गाडी गेली की सर बोट वर करायचे, मग मी पुढचं रूप म्हणायचं. आठवड्यातून दोन-तीनदा मी जायला लागले. वर्तमान झाला, भूत झाला, भविष्य झाला. एक दिवस माझ्या लक्षात आलं की माझा आवाज ओसरीबाहेर रुळांपर्यंत जातो आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. काकू आतून म्हणाल्या, "पोट्टीचा गळा उघडला बाप्पा." त्या दिवशी खोलीवर परत आल्यावर मी मैत्रिणीला पाणी मागितलं, तोंडाने.

पण सरांना ओसरी आणि बाजार यातला फरक कळत नसे. एका रविवारी मी मैत्रिणींबरोबर अमरावतीच्या बाजारात कापड बघत होते. पलीकडच्या फुटपाथवरून हाक आली, "सुमेबाम!" सर. हातात पालकाची जुडी, पायात एक चप्पल काळी आणि एक तपकिरी. मी पुढचं रूप म्हणावं म्हणून थांबलेले. रस्त्यावरचे लोक कोण सुमेबाम ते शोधायला लागले. मैत्रीण म्हणाली, "ते तुला बोलावतायत का गं?" मी नाही म्हटलं आणि कापडाच्या ठाणांमागे शिरले. सर थोडा वेळ थांबले, मग स्वतःच "सुमेबास, सुमेबात" असं म्हणत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "बाजारात तुले ऐकू नाही आलं वाटते?" मी हो म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला, त्याचीच जास्त लाज वाटली.

परीक्षेचा दिवस आला. आत टेबलामागे पुण्याचे परीक्षक, शेजारी कॉलेजतर्फे सर. नियम असा की घरच्या परीक्षकाने मध्ये बोलायचं नाही. माझ्या आधी 'घेतो' आत गेला होता. त्याला एसओएस विचारलं. तो म्हणाला, "सेव्ह अवर सोल्स." आमच्या धंद्यात ही चूक फार जण करतात, आणि ती वाईट चूक आहे. डॉक्टर लिहितो 'लागली तरच घ्या' आणि औषधवाला सांगतो 'तातडीची आहे, लगेच घ्या'. दारातून मला सरांचा चेहरा दिसला. पोटात दुखत असल्यासारखा झाला होता.

मी बसले. परीक्षकांनी मला ओळखलं नाही, त्यांना कशाला लक्षात असेल. तोच प्रश्न आला, "एसओएस म्हणजे काय?"

"सी ओपुस सित," मी म्हणाले. आवाज खणखणीत निघाला. परीक्षकांनी वर पाहिलं, हातातल्या पुस्तकात पाहिलं.

"बरोबर. अर्थ?"

अर्थ मला येत होता. ओसरीवर कितीदा तरी घोकलेला. 'एस्त मंजे हाय, सित मंजे असन. आहे का नाही ते मालूम नाही, पण असन तं.' गरज असन तं. पण ते 'असन' जिभेवर आलं आणि मला रांगेतल्या मुलांचं हसणं ऐकू आलं. मी शुद्ध शब्द शोधायला लागले. सापडेना. वेळ जात होता. परीक्षकांनी टोपण फिरवायला सुरुवात केली.

सरांना राहवलं नाही. "सांग ना बाई," ते म्हणाले, "गरज असन तं. असन. रोज तं म्हणतं."

परीक्षक वळले. "असन? म्हणजे योगासनातलं?"

"नाही, असन. होईन का नाही होईन, आपल्याले सांगता येत नाही, तवा आपण म्हणतो ना, असन. तेच सित हाय." सर अगदी उत्साहात होते. त्यांना वाटलं, समोरच्या माणसाला खरंच जाणून घ्यायचं आहे.

"तुम्ही वर्गात असंच शिकवता?"

"हो. असंच."

"म्हणजे मुलं अशी का बोलतात ते कळलं." परीक्षक हसले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा बरं. सर काय म्हणतायत, ते जरा शुद्ध मराठीत सांगा."

आणि ते शब्द आले. आत्तापर्यंत कुठे दडले होते कोण जाणे, एकदम रांगेत आले. मी ताठ बसले आणि म्हणाले, "सरांना म्हणायचं आहे की, आवश्यकता भासल्यास."

"वा," परीक्षक म्हणाले. "बघा सर. विद्यार्थिनीला येतं." ते पुन्हा हसले आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. फार नाही, ओठांच्या कोपऱ्यात. पण सरांकडे बघत हसले.

'आवश्यकता भासल्यास' यात पुरं क्रियापद नाही. ते वाक्यच नाही. मला माहीत होतं, सरांना तर माहीतच होतं. मी वाट बघितली की ते आता म्हणतील, क्रियापद कुठं हाय. त्यांनी मार्कांचा कागद पुढे ओढला आणि खाली बघून लिहायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी पास झाले, चांगली पास झाले. बाहेर व्हरांड्यात मी त्यांची वाट बघत उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ते आले, थांबले, आणि म्हणाले, "उत्तम उत्तर दिलंत."

मला वाटलं थट्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत. "पुढच्या वाटचालीला शुभेच्छा," असं म्हणून ते जिना उतरून गेले. त्यानंतर सरांनी मला कधीही 'तू' म्हटलं नाही.

माझं दुकान आता अकोल्याला आहे. लायसन्स भिंतीवर आहे, माझ्या नावाचं. काकू निवृत्त झाल्यावर ते दोघेही अकोल्याला राहायला आले, माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून. सर दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात. माझ्याकडे काउंटरवर एक बाई आहेत, त्यांच्याशी सरांचं छान जमतं. "काय व बाई, पोरगी सासरून आली का नाही?" इथपासून सुरुवात. त्या गोळ्या काढेपर्यंत दोघांचं हसणं-खिदळणं चालतं. मग मी मागच्या खोलीतून बाहेर येते आणि सर शर्टाचं वरचं बटण चाचपतात.

"नमस्कार. कशा आहात? व्यवसाय व्यवस्थित सुरू आहे ना?"

अंगावर कोणी थंड पाणी ओतावं तसं होतं मला. पहिल्यांदा मी वऱ्हाडीतच सुरू केलं. म्हटलं, "सर, तुमी माह्याशी कावून असे बोलता? मी काय पाहुणी हाव काय?" माझं ते वऱ्हाडी आता इतकं गंजलेलं निघालं की काउंटरवरच्या बाईंनी चमकून पाहिलं. सर संकोचले. म्हणाले, "नाही, नाही. चार लोक येतात तुमच्याकडे. बरं दिसत नाही." मी पुन्हा तो विषय काढला नाही. काय तोंडाने काढणार?

काकू एकदा एकट्या आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुह्या दुकानात यायचं असलं का सकाऊनपासून पुटपुटते हा मानूस. पेपर मोठ्यानं वाचते. मले विचारते, हे बरोबर हाय काय, ते बरोबर हाय काय. मले काय मालूम?" त्या हसत सांगत होत्या. मी हसून ऐकून घेतलं आणि मग मागच्या खोलीत जाऊन खोक्यावर बसून राहिले. ज्या माणसाला आयुष्यात कशाची लाज वाटली नाही, त्याला म्हातारपणी ती लागली. आणि कोणाकडून लागली, तर माझ्याकडून.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुकानात गर्दी होती, तापाची साथ. काउंटरशी एका औषध कंपनीचा माणूस बॅग घेऊन उभा होता, पुण्याकडचा, नवीनच लागलेला. सर आले, गर्दी बघून मागे थांबले, आणि माझी नजर पडल्यावर म्हणाले, "असू द्या, असू द्या. तुमची गैरसोळ नको. मी दुपारी येतो."

आमच्याकडे ळ तोंडात टिकत नाही. डोळ्याचा डोया होतो, काळजीची कायजी होते, जवळचं जवय होतं. शुद्ध बोलायचं म्हणजे आपल्या तोंडातला य काढायचा आणि तिथे ळ बसवायचा, असं सर धरून चालले असणार. तो नियम त्यांनी नेटाने पाळला होता. गैरसोयीतला य खरा आहे, हे त्यांना कोण सांगणार?

कंपनीचा माणूस हसला. वाईट नव्हता तो, सहज हसला. "गैरसोळ?" असं स्वतःशीच म्हणाला. पण सरांनी ऐकलं. ते वळता वळता थांबले. एवढ्या माणसांतून वाट काढत काउंटरपाशी आले, वाकले, आणि इतरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात मला विचारलं, "चुकलं का काही? काय म्हणायला हवं होतं?"

ज्यांच्या तोंडून कधी एक प्रत्यय चुकला नाही, ते सर मला विचारत होते. माझ्याकडून उत्तर यायची वाट बघत होते, अगदी मालगाडी जायची वाट बघतात तशी.

"गैरसोळच, सर," मी म्हणाले. मग मान वर करून त्या माणसाला सांगितलं, "गैरसोळच म्हणतात. तुम्हाला माहीत नसेल." तो गोंधळला. माझ्या दुकानात त्याला माल खपवायचा होता, त्याने मान डोलावली. सरांचा चेहरा सैल झाला. "मला वाटलंच," ते म्हणाले, आणि छत्री उघडून निघून गेले.

तेव्हापासून तो शब्द त्यांच्या अंगवळणी पडला आहे. काकू सांगतात, बँकेत, पोस्टात, पेन्शनच्या रांगेत, सगळीकडे ते ऐटीत 'गैरसोळ' म्हणतात. कोणी हसलंच तर सांगतात, मेडिकलवाल्या मॅडमना विचारा, त्यांचं मराठी फार शुद्ध आहे.

म्हणून दिवाळीनंतर मी दुकानाच्या शटरवर नवी पाटी लावून घेतली. रविवारी दुपारनंतर दुकान बंद राहील, गैरसोळीबद्दल क्षमस्व. पेंटरने दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. आता लोक थांबून वाचतात, फोटो काढतात, एकमेकांना पाठवतात. शाळेतल्या एक बाई मार्कर घेऊन आल्या होत्या, म्हणाल्या, "मॅडम, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईच्या दारावर हे बरं दिसत नाही, मी नीट करून देते." त्यांच्या मागे दोन कॉलेजच्या मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. माझे कान तापले, अजूनही तापतात. मी म्हणाले, "राहू द्या. बरोबर आहे ते."